पायरीवरची पंधरा मिनिटं

पल्लवीच्या मेडिकलमध्ये काउंटरच्या उजव्या खणात एक फॉर्म ठेवलेला असायचा. वर नाव लिहिलेलं, धनाजी. वय सत्तावीस. खालचे सगळे रकाने कोरे. ज्याच्या नावाचा तो फॉर्म, तो माणूस तीन वर्षांपूर्वीच मातीत गेला होता. तो फॉर्म कुणी भरायचा हे पल्लवीनं आधीच ठरवून ठेवलं होतं. मी हे लिहितोय ते कुणाला हळहळ वाटावी म्हणून नाही. ज्यांनी वाचून मान खाली घालायला पाहिजे, त्यांनी ती घालावी. बाकीच्यांनी नीट वाचून घ्यावं, उपयोगी पडेल.

विट्याकडून माणात जाणाऱ्या रस्त्यावर आमचा फाटा आहे. रस्त्याच्या एका बाजूला पृथ्वीराज डॉक्टरांचा दवाखाना, सात पायऱ्यांचा, काळ्या फरशीचा. समोरच्या बाजूला पल्लवीचं मेडिकल, एका शटरचं. आमच्या भागात पुष्कळ मेडिकलवाले दुसऱ्याचं लायसन भिंतीला टांगून स्वतः औषधं विकतात. पल्लवीचं तसं नाही. मेंढरं राखणाऱ्या घरातली ही पोरगी विट्याला जाऊन फार्मसी शिकली, आणि भिंतीवरच्या लायसनवर तिचंच नाव आहे. आई हरणाबाई अजून चाळीस मेंढरं घेऊन माळावर असते. धाकटा भाऊ धनाजी गलाईला गेला होता. जुने दागिने वितळवून सोनं शुद्ध करायचं, याला आमच्याकडं गलाई म्हणतात. या धंद्यानं आमची निम्मी गावं देशभर पांगलीत. धनाजी ओडिशात, आप्पासोंच्या दुकानात भट्टीवर होता. आप्पासो म्हणजे आमच्या फाट्यावरचं मोठं नाव. त्यांच्या शब्दावर जत्रेची वर्गणी ठरते.

ही सगळी माणसं दिवाळीनंतरच्या जत्रेला गावाकडं येतात. आणि दर वर्षी जत्रेनंतर आठवडाभर फाट्यावर तापाची साथ असते. कुणीही विचारत नाही की हा ताप जत्रेलाच बरा कसा येतो. सगळ्यांचं उत्तर तयार असतं.

"पाणी बदललं, दुसरं काय."

ओडिशातलं पाणी सोडून माणदेशातलं पाणी प्यायलं म्हणून ताप. हे आई म्हणते, बायको म्हणते, आणि डॉक्टरही मान हलवतात. डॉक्टर पुढं रक्त तपासतात, टायफॉईड निघतो, सलाईन लागतं. दर वर्षी टायफॉईड. ओडिशात डास असतात आणि त्या डासांचा हिवताप अंगात घेऊन माणूस दोन रात्रींच्या प्रवासात इथं पोचतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. पल्लवीच्या पण नाही, आणि हे तिनं स्वतःला कधी माफ केलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी धनाजीला तिथंच ताप भरला. आप्पासोंनी त्याला तापाच्या गोळ्यांचं एक पाकीट दिलं आणि गाडीत बसवून दिलं. मंगळवारी दुपारी तो घरी आला. बुधवारी जत्रेचं जेवण होतं. हरणाबाईनं पोराला घोंगडीत गुंडाळून ठेवलं, रस्सा पाजला, आणि संध्याकाळी पृथ्वीराज डॉक्टरांकडं आणलं. डॉक्टरांनी टायफॉईड सांगितला. बुधवार ते सोमवार तो त्यांच्या खाटेवर होता. अकरा बाटल्या लागल्या. त्या अकराच्या अकरा पल्लवीनं स्वतःच्या काउंटरवरून, स्वतःच्या हातानं दिल्या. सोमवारी सकाळी तो आईला ओळखेना. तेव्हा डॉक्टरांनी सांगलीला न्यायला सांगितलं. सांगलीत पोचल्यावर तासाभरात रक्ताची काच बघून तिथल्या डॉक्टरनं विचारलं, "हा कुठून आलाय? मेंदूत चढलाय मलेरिया. याची तपासणी कुणीच केली नाही?" त्या रात्री धनाजी गेला.

पण मरणापेक्षा वाईट गोष्ट एका चिठ्ठीवर होती. सांगलीला पाठवताना पृथ्वीराज डॉक्टरांनी जी चिठ्ठी दिली, तिच्यावर शेवटी एक ओळ होती. 'नातेवाईकांनी रुग्णास उशिरा आणले.'

घरात एक दिवस, डॉक्टरच्या खाटेवर पाच दिवस, आणि उशीर कुणी केला तर हरणाबाईनं.

हरणाबाईला वाचता येत नाही. कुणीतरी शहाण्यानं तिला ती ओळ वाचून दाखवली. तेव्हापासून तिनं जत्रेचं जेवण सोडलं. माळावर भेटेल त्याला सांगायची, "रश्श्यापायी ठेवला म्या त्याला घरी. एक दिस ठेवला. म्याच मारला." पल्लवी आधी समजावायची, मग ओरडायची, मग गप्प झाली.

तेव्हा ती माझ्याकडं आली. मी दहावी नापास माणूस. कायदा शिकलो तो तहसीलच्या ओट्यावर बसून, दुसऱ्यांचे अर्ज लिहिता लिहिता. मी म्हटलं, आरोग्य खात्याकडं तक्रार करू. केली. आठ महिन्यांनी कागद आला. लक्षणांप्रमाणे उपचार योग्य होते, रुग्ण उशिरा आणल्याचे दिसते. म्हणजे डॉक्टरची ओळ डॉक्टरलाच साक्षीदार झाली. मी तो कागद फाडायला निघालो होतो. पल्लवीनं माझ्या हातातून काढून घेतला.

"फाडू नका. डॉक्टरचं नाव डॉक्टरच्याच हातानं लिवून घ्यायचंय मला."

"कसं?"

"बघा तर."

मग आम्ही दुसरा अर्ज टाकला, माहितीच्या अधिकाराचा. आमच्या भागातल्या खासगी दवाखान्यांनी गेल्या वर्षात तापाच्या किती पेशंटची मलेरियाची तपासणी करून कळवलं? उत्तर एका शब्दाचं होतं. निरंक. तो कागद घेऊन पल्लवी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर बसली. तिचं म्हणणं साधं होतं. जत्रेला आलेला माणूस सरकारी आरोग्य केंद्रात जात नाही, तो आधी मेडिकलवर येऊन तापाची गोळी मागतो. मग तपासणी मेडिकलवरच करा. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब त्या छोट्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर टाकायचा, वर औषधाचे थेंब, पंधरा मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर मलेरिया नाही, दोन आल्या तर आहे. गावोगावच्या आशाताई हे करतात, मग शिकलेली फार्मासिस्ट का नको?

अधिकारी म्हणाले, नियमात नाही. पल्लवी म्हणाली, नियमात नको असेल तर तसं लिहून द्या, खाली या 'निरंक'चा उल्लेख करा आणि सही करा. मी शेजारी बसलो होतोच. साहेबांनी अर्ज ठेवून घेतला. सहा महिन्यांनी प्रयोग म्हणून परवानगी आली, तालुक्यातल्या तीन मेडिकलना. अटी कडक होत्या. तिथं मलेरियाची औषधं द्यायची नाहीत. दोन रेघा आल्या की माणूस थेट आरोग्य केंद्रात. एकच रेघ आली आणि ताप राहिला तरी डॉक्टरकडं धाडायचं, घरी बसवायचं नाही. आणि प्रत्येकाचा फॉर्म भरायचा.

फॉर्म कसा असावा हे विचारलं तेव्हा आम्ही दोघांनी मिळून एक रकाना घालून घेतला. 'यापूर्वी उपचार कुठे घेतले? तेथे मलेरियाची तपासणी झाली का?' साहेबांना तो रकाना लय हुशारीचा वाटला. हुशारीचा नव्हता, सुडाचा होता. आम्ही ते त्यांना सांगितलं नाही.

पहिल्या वर्षात पल्लवीकडं सात जणांच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. सातातल्या चौघांच्या हातावर पृथ्वीराज डॉक्टरांच्या सलाईनच्या सुईवरची चिकटपट्टी होती. चारही फॉर्मवर पल्लवीनं डॉक्टरांचं नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं, पुढं 'नाही' लिहिलं आणि महिन्याच्या महिन्याला वर पाठवलं. चौथ्या फॉर्मनंतर डॉक्टरांना खुलासा मागणारं पत्र गेलं. त्यांनी आधी स्वतःच्या दवाखान्यात स्वतःचं मेडिकल काढलं आणि पल्लवीकडं येणाऱ्या चिठ्ठ्या बंद केल्या. मग औषध निरीक्षकाकडं तक्रार केली, की समोर बेकायदा लॅब चालते.

निरीक्षक आले. पल्लवीनं परवानगी दाखवली, वह्या दाखवल्या, सुयांचा पांढरा डबा दाखवला. निरीक्षक निघताना म्हणाले, "बाई, तक्रार कुणी केली ते मी सांगू शकत नाही."

"सांगू नका. त्यांच्या खिडकीतनं बघत्यात ते. हात करा."

निरीक्षकांनी खरंच वळून पाहिलं. खिडकीतला पडदा हलला.

यंदाची जत्रा झाली. जेवणाच्या दुसऱ्या दिवशी, बाजार भरलेला असताना, आप्पासोंची सून साक्षी धावत पल्लवीच्या मेडिकलवर आली. हातात पृथ्वीराज डॉक्टरांची चिठ्ठी. दवाखान्यातल्या मेडिकलमध्ये एक इंजेक्शन संपलं होतं म्हणून तिला समोर पाठवलं होतं. मी काउंटरला टेकून उभा होतो.

"कुणाला?" पल्लवीनं विचारलं.

"मामंजींना. कालधरनं थंडी वाजून ताप हाय. डॉक्टर म्हणाले टायफॉईड."

"आप्पासो? ओडिशातनं कवा आले?"

"चार दिवस झाले."

पल्लवी चिठ्ठी हातात धरून उभी राहिली. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. ज्यानं तिच्या भावाला तापात गाडीत बसवून दिलं तो माणूस, ज्यानं तिच्या भावाला मारलं त्या माणसाच्या खाटेवर, तीच बाटली लावून पडला होता. तिनं नुसतं इंजेक्शन काढून दिलं असतं तर पाच दिवसांत दोघांचाही हिशेब आपोआप झाला असता. माझ्या मनात ते आलं, मी खोटं बोलणार नाही. मी तर म्हणालोही, हळूच, "दे की. त्यांच्याच डॉक्टरनं मागितलंय."

ती माझ्याकडं वळली. "धनाजी मेला तवा मी पण असंच दिलं व्हतं." आणि तिनं खणातले फॉर्म खिशात घातले, तपासणीचा डबा काखेत मारून रस्ता ओलांडला. मी मागं, साक्षी मागं.

डॉक्टर वॉर्डाच्या दारातच आडवे आले.

"पल्लवी, इथं काय काम?"

"आप्पासोंची तपासणी करायची हाय."

"माझ्या दवाखान्यात तुला टेस्ट करायचा अधिकार नाही. तुझी परवानगी तुझ्या दुकानापुरती आहे."

"मग तुमी करा. आत्ता करा, मी बघत उभी ऱ्हाते."

"मला कळतं काय करायचं ते. टायफॉईड निघालाय."

"धनाजीला पण निघाला व्हता."

आतून आप्पासोंचा आवाज आला, थरथरता. "कोण हाय रं? हरणाबाईची पोरगी काय?"

"व्हय आप्पा. उठून माझ्या दुकानात येता का? पायरी उतरायची नि रस्ता वलांडायचा, बास."

आप्पासो उठले. साक्षीनं बाटली हातात उंच धरली, मी त्यांना खांदा दिला. सात पायऱ्यांतल्या पाच उतरल्या आणि त्यांचे पाय गेले. सहाव्या पायरीवर ते मटकन बसले.

"हितनं पुढं न्हाई जमायचं पोरी."

पल्लवीनं डॉक्टरकडं पाहिलं. "आता पायरी कुणाची म्हणायची डॉक्टर? तुमची का रस्त्याची?" आणि उत्तराची वाट न बघता खाली बसून आप्पासोंच्या बोटाला टोचलं. थेंब पट्टीवर टाकला, औषधाचे थेंब टाकले, पट्टी फरशीवर ठेवली. घड्याळ बघितलं.

बाजारातली माणसं गोळा व्हायला लागली. भाजीवाल्या बाया, मेंढरं विकायला आलेले गडी, गलाईवाले. कुणीतरी म्हणालं, "काय बघताय रं?" दुसरा म्हणाला, "गप, परीक्षा हाय." "कुणाची, आप्पांची?" "न्हाई गड्या, डॉक्टरची." हसू फुटलं. डॉक्टर वरच्या पायरीवर हाताची घडी घालून उभे होते. आत जावं तर पळाल्यासारखं, थांबावं तर असं. ती पंधरा मिनिटं त्यांना किती लांब गेली हे मला माहीत नाही, मला मात्र ती फार गोड गेली. पल्लवीनं मधेच फोन करून १०८ ची गाडी मागवली. निकाल यायच्या आधीच.

पाचव्या मिनिटाला पहिली रेघ दिसायला लागली. दहाव्याला दुसरी, फिकट. पंधरा पूर्ण होईपर्यंत तिनं पट्टीला हात लावला नाही. मग ती उचलली, आधी आप्पासोंना दाखवली, मग हात लांब करून वर, डॉक्टरना.

"मोजा. तुमीच मोजा."

डॉक्टरनी मोजल्या. मोजायला काही नव्हतं, दोनच होत्या.

पल्लवीनं खिशातून दोन फॉर्म काढले. पहिला आप्पासोंचा. आधी उपचार कुठे, तर तिनं पृथ्वीराज डॉक्टरांचं नाव लिहिलं. तपासणी झाली का, तर 'नाही'. दुसरा फॉर्म खणातला होता. धनाजी, वय सत्तावीस. तो तिनं डॉक्टरांसमोर धरला. "ह्यो तुमी भरायचा. तुमच्या अक्षरात."

डॉक्टर खाली वाकून म्हणाले, "लोक बघतायत. आत ये, बोलू."

"लोकांनी बघावं म्हणून तर हितं बसले."

तेवढ्यात गाडी आली. मला वाटलं, आता पल्लवी आप्पासोंना अडवून धरते, फॉर्म भरून घेतल्याशिवाय सोडत नाही. मी तसंच केलं असतं. तिनं फॉर्म घडी घालून खिशात ठेवला, आप्पासोंना उचलायला पहिला हात तिचा होता. गाडीत चढवताना आप्पासोंनी तिचं मनगट धरलं.

"धनाजीला मी असाच गाडीत बसवला व्हता, न्हाई का?"

"असा न्हाई. तवा संगं कुणी नव्हतं."

आप्पासोंनी हात सोडला. साक्षी त्यांच्याबरोबर गेली.

आठ दिवसांनी आप्पासो चालत घरी आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गलाईवाल्यांना देवळापुढं बोलावलं. मला वाटलं सत्कारबित्कार करतात. ते एवढंच म्हणाले, "पृथ्वीराज डॉक्टर हरणाबाईच्या दारात जाऊन खरं बोलत न्हाई तवर आपलं एक माणूस त्या पायऱ्या चढणार न्हाई. आणि त्यांच्या संगं मी बी जाणार हाय. माझं बी बोलायचं ऱ्हायलंय." गलाईवाले म्हणजे डॉक्टरांचा निम्मा दवाखाना. तीन आठवडे डॉक्टर माणसं मोजत बसले. चौथ्या आठवड्यात आले.

हरणाबाईचं घर माळाच्या कडेला, पत्र्याचं. दारात पाण्याचा रांजण. आमच्या माळावर एक रीत आहे. दारात कुणीही आला, वैरी आला तरी, आधी तांब्याभर पाणी द्यायचं, मग तोंड उघडायचं. हरणाबाईनं चोराला पण पाणी दिल्याचं मला माहीत आहे. डॉक्टर आणि आप्पासो येऊन घोंगडीवर बसले. वस्तीवरची दहाबारा माणसं मागं उभी. हरणाबाई रांजणाशेजारी बसली होती. हात मांडीवर.

पाणी आलं नाही. सगळ्यांच्या ते लक्षात आलं. डॉक्टरांच्याही.

आप्पासो आधी बोलले. "वैनी, म्या त्याला तापात एकट्याला धाडला. माझ्या दुकानाचा माणूस व्हता, दवाखान्यात न्यायचा सोडून धाडला."

हरणाबाई डॉक्टरांकडं वळली.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, तुम्ही उशिरा आणलं नव्हतं. मी मलेरिया तपासायला पाहिजे होता. मी तपासला नाही."

"परत म्हणा," हरणाबाई म्हणाली.

"तुम्ही उशिरा आणलं नव्हतं."

"मागच्या बाया बहिऱ्या हायत्या. मोठ्यांदा म्हणा."

डॉक्टरनी मोठ्यांदा म्हटलं. पल्लवीनं फॉर्म पुढं केला. तिथंच घोंगडीवर, गुडघ्यावर ठेवून त्यांनी तो भरला. आधी उपचार कुठे घेतले, त्यात त्यांचं स्वतःचं नाव. तपासणी झाली का, नाही. खाली सही. ते उठता उठता म्हणाले, "मावशी, जरा पाणी मिळेल का?"

हरणाबाई उठली. रांजणातनं कळशी भरली. सगळ्यांना वाटलं, झालं आता. ती कळशी कमरेवर घेऊन त्यांच्या शेजारून मेंढरांच्या वाड्याकडं गेली.

"मेंढरास्नी पाणी दावायचंय," ती म्हणाली. "तुमचं घर जवळ हाय."

त्या संध्याकाळी तिनं धनाजी गेल्यापासून पहिल्यांदा रस्सा केला. जास्त केला. मला पण वाढला.

आता पृथ्वीराज डॉक्टरांकडून रोज चिठ्ठ्या येतात, त्यांच्या सहीच्या. 'ताप. ओडिशा प्रवास. कृपया मलेरिया तपासणी करावी.' पल्लवी प्रत्येक चिठ्ठीची झेरॉक्स काढते आणि धनाजीच्या फॉर्ममागं लावते. गठ्ठा बोटभर जाड झालाय. परवा मी विचारलं, "अजून कशाला? झालं की आता. माफ केलं नाहीस का?"

"कुणी सांगितलं माफ केलं म्हणून?" ती म्हणाली, आणि काउंटरपलीकडच्या माणसाचा हात धरला. "कुठनं आलाय दादा? कवाधरनं ताप हाय? पाणीबिणी काय बदलत न्हाई. बोट पुढं करा."